आंबराईत आंबा नाही, मग बाग कुठं गेली? सोलापूरकडच्या रानात जुन्या बागांच्या खुणा कशा शोधायच्या

मोहोळ तालुक्यात माझ्या मामांचं गाव आहे, सीना नदीपासून दोन-तीन किलोमीटर आत. तिथल्या एका शेताला अख्खं गाव आंबराई म्हणतं. "आण्णा आंबराईत गेलेत", "आंबराईतली मोटर जळली" असं रोज कानावर पडतं, आणि त्या शेतात आंब्याचं एक झाड नाही. ऊस आहे, बांधाला दोन कडुलिंब आहेत, बास. लहानपणी कधी डोक्यात आलं नाही, पण चार-पाच वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ऊस तुटून गेल्यावर रान मोकळं होतं तेव्हा मामांबरोबर सहज फिरलो आणि पायाखाली जे दिसलं त्यानं मला हा नाद लागला. तेव्हापासून सुट्टी मिळाली की मी सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा, सांगोला ह्या पट्ट्यात जुन्या बागांच्या खुणा बघत फिरतो. कसं बघायचं, कुठं फसायला होतं, ते सगळं इथं लिहितोय, म्हणजे तुमच्या गावात तुम्हाला पण शोधता येईल, कारण जेसीबी लावून रान सपाट करायचा वेग इतका आहे की आपण नाही बघितलं तर नंतर बघायला काही राहणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. झाडं शोधू नका, पाणी शोधा. आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो पण लहरी. कोकणात आठळी टाकली तरी झाड होतं, इथं पहिली काही वर्षं पाणी घातल्याशिवाय आंबा जगत नाही, आणि केळी, पानमळा तर बारमाही पाण्याशिवाय शक्यच नाही. म्हणजे जिथं बाग होती तिथं कुणीतरी मुद्दाम पाणी आणलेलं होतं. झाड वाळतं, तोडलं जातं, जळणाला जातं, पण दगडात बांधलेली पाण्याची व्यवस्था दोन-दोनशे वर्षं टिकते. साताऱ्याजवळ लिंब गावची बारामोटेची विहीर माहिती असेल बघा, वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ मधे बांधलेली. तिथली ३३०० झाडांची आंबराई भिजवायला ती बांधली असं सांगतात. आज लोक लांबून विहीर बघायला येतात, ती आंबराई बघायला कोण जातंय? आपल्या गावात एवढी मोठी विहीर नसेल पण हिशोब तोच आहे.

तर सुरुवात जुन्या विहिरीपासून करायची. गावात विचारलं की "मोटेची विहीर कुठली" तर म्हातारी माणसं लगेच सांगतात. विहिरीवर गेलात की आत डोकावण्याआधी काठ बघा. मोट चालायची त्या बाजूला काठाचे दगड मोठे आणि घडीव असतात, पुढं आलेले असतात, आणि त्यांच्यावर दोर घासून पडलेल्या खाचा असतात. हात फिरवून बघा, बोट बसेल एवढी गुळगुळीत खाच लागते. अशा किती जागा आहेत ते मोजायचं, म्हणजे विहीर एकमोटी होती, दोनमोटी होती का चारमोटी ते कळतं. नुसती ज्वारी भिजवायला चार मोटा कुणी बांधत नाही, त्यामुळं जास्त मोटांची विहीर दिसली की मी तिथं जास्त वेळ देतो. विहिरीपासून लांब जाणारी उतरती वाट म्हणजे धाव, बैलं मोट ओढत तिच्यावरून उतरायची, लांबी साधारण विहिरीच्या खोलीएवढी. बऱ्याच ठिकाणी धाव बुजवलेली असते पण जमिनीचा उतार लपत नाही, पावसाचं पाणी अजून तिथूनच पळतं.

आता खरी किल्ली म्हणजे थारोळं. मोटेतलं पाणी ज्या दगडी हौदात पडायचं ते थारोळं, विहीर आणि धाव यांच्या मधे. त्याला एका बाजूला पाणी बाहेर जायचं तोंड असतं, आणि ते तोंड ज्या दिशेला आहे त्या दिशेला बाग. इतकं सरळ आहे हे. मी तोंडासमोर उभा राहतो, आणि मी पाणी असतो तर कुठून गेलो असतो असा विचार करत चालायला लागतो. पाट कायम उंचवट्यावरून नेलेला असतो म्हणजे दोन्ही बाजूला पाणी सोडता येतं, त्यामुळं शेतातून जाणारा एक कारण नसलेला उंच पट्टा दिसला, दीड-दोन फूट रुंद, तर तो जुना पाट असायची दाट शक्यता. कुठं कुठं त्याच्यात चुन्याचे खडे, विटांचे तुकडे, घडीव दगडाची पन्हळ अशा वस्तू निघतात. पाट जिथं फुटतो, दोन-तीन दंड म्हणजे छोटे पाट होतात, तिथून पुढं बागेची हद्द धरायची.

थारोळ्याचा दगड जागेवर नसेल तर निराश होऊ नका, तो गावातच असतो. गोठ्यात जनावरांच्या पाण्याला, धुण्याला, देवळाच्या पायरीला. असला दगड वाया कुणी घालवत नाही. फक्त जागा सोडली की त्याची दिशा गेली, म्हणून तो मूळ कुठल्या विहिरीवर होता आणि कुणी आणला हे घरच्यांना विचारून लिहून ठेवायचं.

विहिरीनंतर जमीन. ह्याला वेळ आणि मोसम दोन्ही पाहिजे. मुरमाड रानात हे सगळ्यात छान दिसतं, म्हणजे सांगोला, मंगळवेढ्याचा माळाकडचा भाग, दक्षिण सोलापूरची माळरानं. बाग लावताना मुरमात ३ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट खोल खड्डा घेतात आणि त्यात बाहेरून आणलेली काळी माती, गाळ, शेणखत भरतात. झाड मेलं, खोड काढलं, वरून नांगर फिरला, तरी खाली मुरमातला तो काळा खड्डा तसाच राहतो. पहिला पाऊस पडून रान जरा वाळायला लागलं की सगळा मुरूम पिवळसर पांढरा होतो आणि तेवढे गोल ओलसर काळे राहतात. सकाळी आठच्या आत जा, नाहीतर संध्याकाळी ऊन कललं की. दुपारी बाराला तिथंच उभं राहून काही दिसत नाही.

मामांच्या शेतात मला हेच दिसलं होतं. शेताच्या वरच्या अंगाला मुरूम वर आलाय, तिथं एक काळा डाग, साधारण बैलगाडीच्या चाकाएवढा. मी चालत पुढं गेलो तर बारा-तेरा पावलांवर दुसरा. मग तिसरा. वाकून बघितलं तर डागातली माती मऊ, बोटानं उकरता येत होती, त्यात बारीक पांढऱ्या मुळ्यांचे कुजलेले तुकडे, आणि दोन इंच बाजूला लगेच कडक मुरूम, नख लागत नव्हतं. एका ओळीत चार, पुढच्या ओळीत तीन, असे सात डाग सापडले. टेप लावला तर मधलं अंतर ३२-३३ फूट. मामा म्हणाले, "आरं, आम्ही पन्नास वर्सं इथं नांगर धरतोय, हितं बैल जरा वडतंय हलकं एवढंच कळायचं." म्हणजे जमिनीला माहिती होतं, बैलाला पण माहिती होतं.

अंतर मोजणं फार कामाचं आहे, कारण प्रत्येक फळझाडाचं अंतर वेगळं. आंबा, चिंच असली मोठी झाडं ३० ते ३३ फुटांवर लावतात, कधी त्याच्यापेक्षा लांब. लिंबू आणि बोर २० फुटांच्या आसपास. डाळिंब १५ बाय १० फूट. केळी पाच-सहा फुटांवर, पण केळीचा खड्डा उथळ असल्यामुळं खूण शक्यतो उरत नाही, केळीचा मळा जमिनीपेक्षा नावातच जास्त सापडतो. एकच अंतर दोन दिशांना जुळलं आणि ओळी सरळ असल्या तरच बाग म्हणा. दोन-तीन डाग म्हणजे बाग नाही, जुना उकिरडा पण असू शकतो, कोळशाची भट्टी पण असू शकते.

काळ्या रानात मात्र हे चालत नाही हे आधीच सांगतो. भीमाकाठची, सीनाकाठची खोल काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, वरखाली होत राहते, खड्ड्याच्या कडा पुसल्या जातात. तिथं पिकाकडं बघायचं. हरभरा किंवा ज्वारी पाण्यावर आली, ताण पडायला लागला की जिथं खाली जुनं खत आणि मोकळी माती आहे तिथलं पीक चार-आठ दिवस जास्त हिरवं राहतं. जानेवारीत मंगळवेढ्याच्या ज्वारीत एखाद्या उंच बांधावर किंवा टाकीवर चढून बघा, ठिपके ओळीत दिसले तर नशीब तुमचं.

मोबाईलवर गुगल अर्थ असेल तर घरबसल्या पण थोडं काम होतं. कॉम्प्युटरवर उघडलं तर जुन्या तारखांचे फोटो बघायची सोय आहे, त्यात एप्रिल-मेचे फोटो निवडा, रान उघडं असतं. मात्र आधी जमिनीवर बघून मग वरून बघा. मी उलटं करत होतो आणि खताच्या ढिगांना बाग समजून दोनदा सत्तर किलोमीटर गाडी मारली.

आता खापऱ्या. शेतात लाल-काळ्या खापऱ्यांचे तुकडे पडलेले दिसले की आपल्याला वाटतं इथं जुनं गाव होतं. मलाही वाटलं होतं, एका शेतात खिसे भरून खापऱ्या गोळा केल्या होत्या. तिथल्या एका आबांनी समजावलं की बाळा हे गाव नाही, ही पांढरीची माती आहे. आपल्याकडं काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. शेकडो वर्षं माणसं राहिलेल्या पांढरीत राख, शेण, हाडं सगळं मुरलेलं असतं, ती माती खत म्हणून भारी, त्यामुळं लोक पिढ्यानपिढ्या गाड्या भरून पांढरीची माती आणि उकिरड्याचं खत शेतात टाकत आलेत आणि त्याच्याबरोबर फुटलेली मडकी, बांगड्यांचे तुकडे पण शेतात गेले. मग ह्याचा आपल्याला उपयोग काय, तर असं खत लांबच्या जिरायत रानात कुणी घालत नव्हतं, ते जायचं बागायतीत. म्हणून विहिरीखालच्या दोन-चार एकरातच बारीक, झिजलेल्या, कडा गोल झालेल्या खापऱ्या सारख्या पसरलेल्या असतील आणि बांधापलीकडं एकदम कमी झाल्या, तर तो पट्टा मळा किंवा बाग असावा. खापऱ्या उचलू नका, जागेवर फोटो काढा आणि कुठं दाट कुठं विरळ ते कागदावर काढा. त्या उचलल्या की ती खूण संपली. मी भरलेले खिसे परत नेऊन तिथंच टाकले पण आता त्याला अर्थ नाही राहिला.

झाडांकडं शेवटी या, पण नीट बघा. एकटा म्हातारा आंबा दिसला तर बुंध्याशी वाका. गुडघ्याएवढ्या उंचीला खोडाला फुगवटा, किंवा खालची साल आणि वरची साल वेगळी दिसली, तर तो कलमी आहे, म्हणजे कुणीतरी पैसे मोजून बाहेरून रोप आणून लावलंय. सरळ खोड, फुगवटा नाही, तर रायवळ, आठळीपासून आलेला. आपल्याकडच्या जुन्या आंबराया बहुतेक रायवळच्याच. बुंध्याचा घेर छातीएवढ्या उंचीवर मोजून लिहा, पण घेरावरून वय सांगायच्या फंदात पडू नका, पाण्याजवळचा आंबा तीस वर्षांत होतो तेवढा माळावरचा शंभरात होत नाही.

बागेपेक्षा कुंपण जास्त टिकतं. शेर, निवडुंग, केकताड, सागरगोटा ह्यांची सरळ रेघ माळाच्या मधोमध विनाकारण चालली असेल तर ती कशाची तरी हद्द होती. जनावर आत येऊ नये म्हणून बागेलाच एवढं दाट कुंपण करायचे, ज्वारीला नाही. चौकोनाच्या दोन बाजू सापडल्या तरी उरलेल्या दोन अंदाजानं मिळतात. पानमळ्याला वेलीच्या आधाराला शेवरी, पांगारा, हादगा, शेवगा लावायचे, त्यातला पांगारा बांधावर अजून उभा दिसतो, मार्चमधे लालभडक फुलतो तेव्हा लांबून कळतो.

सीताफळानं मात्र फसू नका. पडक्या गढीत, किल्ल्याच्या तटावर, जुन्या भिंतीत सीताफळ आपोआप येतं, लोकांनी आणि प्राण्यांनी बी टाकलेलं असतं. ते पडझडीची खूण आहे, बागेची नाही. आणि सीताफळ, पेरू, पपई, चिकू ही मुळात अमेरिकेकडची, पोर्तुगीज आल्यानंतरच्या काळात आपल्याकडं रुळलेली, त्यामुळं पेरूची बाग यादवांच्या काळातली असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. बोर, आंबा, जांभूळ, चिंच ही खरी जुनी मंडळी. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, तिथल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत जळालेल्या बोराच्या आठळ्या मिळाल्या, आणि पाणी वळवायचा बांध आणि पाट पण मिळाला. जळालेली आठळी कुजत नाही, म्हणून टिकली.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. सातबाऱ्यावरचे गट नंबर हे १९४७ च्या कायद्यानं झालेल्या एकत्रीकरणानंतरचे, त्यामुळं आधी भूमी अभिलेख कार्यालयातून जुना सर्व्हे नंबर जुळवून घ्यायचा, गाव नकाशा आणि टिपण मागायचं. इंग्रजांची पक्की मोजणी आपल्या शेजारी इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ ला सुरू केली आणि मग आपल्याकडं आली, त्या नोंदीत जमीन जिरायत का बागायत ते वेगळं धरलेलं असतं. त्याच्या मागचे कागद मोडी लिपीत, त्यात मोटस्थळ म्हणजे विहिरीवरचं बागायत आणि पाटस्थळ म्हणजे पाटाच्या पाण्यावरचं, हे दोन शब्द ओळखायला शिकलात तरी खूप. सातबाऱ्याच्या इतर अधिकारात "विहिरीत चौथा हिस्सा", अमक्या झाडात हिस्सा असं लिहिलेलं असतं, विहीर बुजली तरी ती ओळ उतरत राहते. मला त्या ओळी फार आवडतात.

पण कागदापेक्षा माणसं. आणि प्रश्न कसा विचारता त्यावर सगळं आहे. "इथं जुनी बाग होती का?" विचारलं की "नाय बा, काय नव्हतं" असंच उत्तर येतं, वरून हा जमिनीच्या भानगडीचा माणूस आहे का असा संशय. त्याऐवजी म्हाताऱ्या बायकांना विचारा, लोणच्याची कैरी कुठून आणायचा? मामांच्या शेजारच्या आज्जींना मी हे विचारलं आणि त्यांनी बसल्या जागी सात-आठ झाडं सांगितली, नावानिशी. शेंदऱ्या विहिरीजवळ, खोबऱ्या त्याच्या खाली, गोट्या बांधाला, आणि शेप्याची कैरी लोणच्याला नाही चालायची, शेपूचा वास यायचा. हातानं हवेत जागा दाखवत होत्या. मी मोबाईलवर नकाशा उघडून बसलो होतो, त्यांनी सांगितलेली शेंदऱ्याची जागा आणि मला सापडलेला पहिला काळा डाग ह्यात दहा पावलांचा फरक होता. १९७२ च्या दुष्काळात विहीर आटली, झाडं वाळली, जी राहिली ती पुढं मोटर आल्यावर उसाच्या आड येतात म्हणून गेली, हे पण त्यांनीच सांगितलं.

दुसरा चांगला प्रश्न म्हणजे राखणीला कोण बसायचं. राखणदाराचं खोपटं, माचाण, त्याचा म्हसोबा ह्या जागा लोकांना पक्क्या आठवतात. विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड म्हणजे आसरा, पाण्यातल्या देवता, त्या पुजल्या जात असतील तर विहीर बुजवलेली असली तरी जागा तीच. शेतांची नावं तर गोळा कराच. पानमळा, केळीचा मळा, चिंचबन, बोरबन, माळीमळा, बागेचं शेत. नावं बोलण्यातच राहतात, सातबाऱ्यावर नुसता नंबर, आणि प्लॉटिंग झालं की नाव पहिलं मरतं.

करमाळ्याकडं उजनीच्या बॅकवॉटरला राहत असाल तर तुमच्यासाठी वेगळी संधी आहे. धरण १९८० ला झालं, गावं पाण्याखाली गेली, पण एप्रिल-मेमधे पाणी खाली गेलं की जुने चौथरे, बांध, विहिरी उघड्या पडतात. तिथं नांगर चाललेला नाही, जेसीबी गेलेला नाही. गाळात एकट्यानं जाऊ नका, पाय रुततो.

आणि जुनी म्हणजे किती जुनी, हे पण मनात मोकळं ठेवा. १९९० ला रोजगार हमीतून फळबाग योजना आली तेव्हा सांगोल्याकडं बोर, डाळिंब माळामाळावर झालं. मग डाळिंबावर तेल्या रोग आला आणि कितीतरी बागा उपटल्या. केगावला २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, २०१६ ला सोलापूर डाळिंबाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तरी उपटलेल्या बागांची नोंद कुणी ठेवलेली नाही. त्या बागांची खूण म्हणजे मातीत अडकलेल्या ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, बांधावर फेकलेले ड्रीपर, कोरडं शेततळं, मुळापासून परत फुटलेला एखादा डाळिंबाचा धुमारा. द्राक्षाच्या बागेचे दगडी खांब आता गोठ्याला आणि कुंपणाला लागलेत. नान्नजला सोनाका द्राक्ष निघालं, नानासाहेब काळ्यांनी ते शोधलं, तिथल्या जुन्या मांडवांच्या ओळी कुणीतरी आत्ताच मोजून ठेवायला पाहिजेत, सांगणारी माणसं अजून आहेत.

काही गोष्टी पाळाच. शेतमालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. खणू तर अजिबात नका, टिकाव घेतलेला माणूस दिसला की गुप्तधनाची आवई उठते, आणि १८७८ च्या कायद्यानं जमिनीत सापडलेलं मौल्यवान काही कलेक्टरला कळवावंच लागतं. कुणी विहीर किंवा शेततळं खणत असेल आणि कडेला राखेचा, कोळशाचा थर दिसला तर टेप लावून फोटो काढा आणि सोलापूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. जुन्या विहिरीचा काठ खालून पोकळ असतो, दोघं असल्याशिवाय वाकू नका. आंबा, चिंच, जांभूळ तोडायला १९६४ च्या कायद्यानं परवानगी लागते, हे मालकाला भांडण न करता सांगा, बऱ्याच जणांना माहिती नसतं.

नोंद ठेवायला एक साधी वही बास. प्रत्येक जागेचं एक पान, वर शेताचं बोलीतलं नाव, मोबाईलवरचं लोकेशन, तारीख, पाऊस होऊन किती दिवस झाले, विहिरीच्या मोटा किती, थारोळ्याचं तोंड कुणीकडं, अंतर किती फूट, आणि कुणी सांगितलं. फोटोत टेप किंवा निदान चप्पल ठेवा म्हणजे आकार कळतो.

मामांच्या आंबराईचं थारोळं शेवटी त्यांच्याच मागच्या अंगणात निघालं, मामी त्याच्यावर धुणं धुवायच्या. मामांनी सांगितलं त्यांच्या वडिलांनी १९७५ च्या आसपास इंजिन बसवलं तेव्हा ते गाडीत घालून घरी आणलं. ह्या उन्हाळ्यात ऊस गेला की ते परत विहिरीवर नेऊन ठेवायचं ठरलंय, काठाच्या दोन खाचांच्या मधे त्याची बसायची जागा अजून तशीच आहे. आज्जींना पण गाडीत बसवून नेणार आहे, खोबऱ्याची जागा त्यांनाच नक्की दाखवता येईल.